डाव्या हाताचा सलाम

आत्या गेली त्या दिवशी सकाळी ती पोटभर हसली होती. हे मी आधी सांगते, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण तोंड पाडून विचारतो, फार त्रास झाला का हो. झाला, पण दुपारनंतर. सकाळी ती हसत होती, आणि भांडतही होती.

भांडण चाललं होतं प्रदर्शनवाल्या बाईशी. बाई म्हणजे पोरगीच, माझ्या धाकट्या जावेच्या वयाची. जगभरातल्या टिंगलीच्या मासिकांचं मोठं प्रदर्शन ती लावणार होती. राजांची, सेनापतींची, मंत्र्यांची, सगळ्यांची टर उडवणारी मासिकं. जुनी, नवी, बंद पडलेली आणि बंद पाडलेली. त्यात आमच्या आत्याचं चित्र लागणार होतं. आत्याचं म्हणजे तिनं काढलेलं नाही. ती ब्लॉक बनवायची. चित्रकार कागदावर चित्र काढणार, त्याचा फोटो घेऊन आत्या ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवणार, नको ती जागा ॲसिडला खाऊ द्यायची, उरलेला पत्रा लाकडावर ठोकायचा, की झाला ब्लॉक. त्याला शाई लावून छापायचं. जन्मभर तेच केलं तिनं, एकाच मासिकात. मासिकाचं नाव 'खाज'.

चित्र असं होतं. तेव्हा आपल्यावर राज्य करायचे ते मोठे साहेब, अंगात लष्करी कोट, छातीवर पदकं, आणि सलाम ठोकतायत. डाव्या हातानं. बस, एवढंच. एवढ्यावर गाव हसून लोळलं होतं आणि संपादकांना उचलून नेलं होतं.

तर प्रदर्शनवालीनं चित्राखाली लावायची पाटी लिहून आणली होती. पलंगाच्या कडेला बसून तिनं वाचून दाखवली. "हा सलाम ब्लॉक बनवणाऱ्या एका धाडसी स्त्रीने मुद्दाम उलटा केला."

आत्या म्हणाली, "'मुद्दाम' काढून टाक."

"आणि धाडसी?"

"ते राहू दे की. ॲसिडशी खेळायचे मी, तू खेळून दाखव."

पोरगी हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, "आजी, मुद्दाम काढलं तर ती छपाईतली चूक होते. आमचं प्रदर्शन छपाईच्या चुकांचं नाही ना. समितीत आधीच दोघं कुरकुर करतायत. चूक आहे म्हटलं तर ते भिंतीवरून चित्रच उतरवतील."

आत्याचा चेहरा पडला. संपादक गेले, चित्रकार गेले, छापखाना पाडून तिथं मोटारी लावायची जागा झाली. त्या खोलीतलं काही उरलं असेल तर ते एक पान. ते भिंतीवर लागावं ही तिची इच्छा होती. लपवायची पण नाही, सरळ म्हणायची, मला ते लागलेलं पाहिजे. पण खोट्या पाटीखाली नको. तिचं सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं.

"माझ्या शेजारी कोण लागणार आहे?" तिनं विचारलं.

"फळवाला राजा."

"अरे वा," आत्या म्हणाली आणि उशीला टेकून जरा उंच बसली, जसं काही पाहुणे यायचेत.

मी तेव्हा चहा घेऊन आत आले. पलंगावर ते पान पसरलेलं. लहानपणापासून शंभरदा बघितलंय, पण उभ्या उभ्या, लांबून. त्या दिवशी कप ठेवायला वाकले आणि कोटाकडे नजर गेली. मी शिवणकाम करते, माझं लक्ष तोंडाआधी कपड्याकडे जातं. मी म्हटलं, "आत्या, साहेबांचा कोट बायकी झालाय."

"म्हणजे?"

"पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते. हा उलटा झाला तशी उजवी वर आलीय. बटणं आमच्या ब्लाउजसारखी."

आत्यानं चष्मा लावला, पान नाकाशी धरलं, आणि हसायला लागली. हसता हसता खोकला, खोकता खोकता परत हसू. "टाचणे," म्हणाली, मला ती टाचणीच म्हणायची, "इतकी वर्षं झाली, अख्खं गाव हसलं, आणि बटणं कुणाला दिसली नाहीत. अजून हसायचं बाकी होतं बघ त्यात."

प्रदर्शनवाली उठली तेव्हा आत्यानं तिचा हात धरला. "उद्या ये. रात्रभर विचार करते. अशी ओळ सांगते की चित्रपण राहील आणि खोटंपण होणार नाही."

दुपारी तिला धाप लागली. आमचे हे गाडी आणायला धावले. गाडी दारात आली तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गेलेली होती. ओळ काही सांगितली नाही.

आता ती चूक काय होती ते सांगते, म्हणजे ती का अडून बसली ते कळेल.

ब्लॉक नेहमी उलटा असतो. रबरी शिक्का बघा, त्यावरची अक्षरं उलटी असतात म्हणून कागदावर सुलटी उठतात. तसंच. म्हणून फोटोची फिल्म पत्र्यावर पालथी घालायची असते. आत्या दिवसभर उलटं बघायची. उलटं वाचायला तिला काहीच वाटायचं नाही, सुलटं वाचतानाच जरा अडखळायची. ऑफिसात सगळे तिला उलटीबाई म्हणायचे. टिंगलीचंच मासिक ते, तिथं कोण कुणाला सोडणार. नवीन माणूस विचारायचा, बाई आजारी असतात का. आत्या म्हणायची, "मी नाही रे, मासिक आजारी असतं. महिन्यातून एकदा उलटी होते, मग देशाला बरं वाटतं."

फिल्म पालथी पडलीय की उताणी हे ओळखायची सोपी खूण म्हणजे अक्षरं. चित्रात कुठंतरी अक्षर असतंच. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाशी, दुकानाच्या पाटीवर, नाहीतर कोपऱ्यात चित्रकाराची सही. पत्र्यावर अक्षर उलटं दिसलं की काम बरोबर.

त्या वर्षी मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाला हुकूम निघाला. प्रत्येक छापील कागदावर, वर्तमानपत्र असो की भाजीवाल्याचं कॅलेंडर, साहेबांचं सलाम करतानाचं चित्र पानभर छापायचं. साधं, आदरानं. शेजारी एक अक्षर नको. 'खाज'लासुद्धा.

आत्या सांगायची, त्या दिवशी ऑफिसात मयत झाल्यासारखं होतं. चित्रकारानं मान खाली घालून चित्र काढलं. कधी नव्हे ते नाक सरळ काढलं, पोट आत घेतलं. आणि लाजेनं खाली सही केली नाही. "माझं नाव नको त्याच्यावर," म्हणाला. संपादकांनी कागद न बघता आत्याच्या टेबलावर सारला. "कर बाई, लवकर कर, डोळ्यांसमोर नको."

झालं. अक्षर नाही, सही नाही. आत्यानं फिल्म ठेवली ती उताणीच ठेवली.

ती म्हणायची, "ब्लॉकवर सगळं बरोबर दिसलं की समजावं, चुकलंय. त्या दिवशी ब्लॉकवर साहेब अगदी बरोबर दिसत होते. उजवा हात उजवीकडे, पदकं डावीकडे. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. पण मी पण बघत नव्हते ना नीट. मला पण लाज वाटत होती."

कच्चा छाप काढला, तोही कुणी बघितला नाही. छापणाऱ्यानं पान फिरवून ठेवलं. बांधणारे म्हणाले, हे पान आत जाऊ दे. असं करत करत अंक बाजारात गेला.

अंक गेला आणि सकाळपासून गावात हसण्याचा आवाज यायला लागला. हे मला आत्यानंच सांगितलेलं आहे. आवाज म्हणजे मोर्चासारखा नाही. न्हाव्याच्या दुकानात एक जण हसतोय, बस थांब्यावर दोघी पदराआड हसतायत, शाळेच्या फाटकाशी मास्तर भिंतीकडे तोंड करून हसतोय. सरकारनं सगळ्यांना साहेबांचे एवढे सलाम दाखवले, पण लोकांनी बघितला तो एकच. आणि गंमत अशी की तो एक बघितल्यावर बाकीचे सरळवालेपण विनोदी दिसायला लागले. सरळ सलाम बघूनसुद्धा लोक हसू दाबायला लागले. मी विचार करते, चित्र तेच. रेघ न् रेघ तीच. कुणी काही वाढवलं नाही, पुसलं नाही. नुसती बाजू बदलली. मग ते हसू आधी कुठं होतं? आमच्या कामातपण असं होतं, कापडाची चुकीची बाजू वर आली की अख्खा सदरा हास्यास्पद. पण सदऱ्यासाठी कुणी तुरुंगात जात नाही.

दुपारी संपादकांना नेलं. जाताना त्यांना काय झालंय तेच माहीत नव्हतं. ठाण्यात त्यांना अंक दाखवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ते पान बघितलं आणि त्यांना इतकं हसू आलं की तिथंच त्यांचा गुन्हा पक्का झाला.

आत्याला हे कळलं तेव्हा तिनं हात धुतले, साडी नीट केली आणि एकटी ठाण्यात गेली. तेव्हा माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शिकत होते, घर तिच्या पगारावर. तरी गेली. तिथल्या साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "विनोद नाही तो. चूक आहे. माझी आहे."

ठाण्यातले साहेब म्हणाले, "बाई, कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही. तुमचा शिक्का द्या इकडे." टेबलावरचा शिक्का उचलून तिनं त्यांना दाखवला. "हे तुमचं नाव उलटं आहे ना? म्हणून कागदावर सुलटं येतं. कारागिरानं विसरून सुलटं कोरलं तर कागदावर उलटं येईल. तसं झालं."

साहेबांनी शिक्का बघितला, चित्र बघितलं. माणूस बुद्धीनं बरा होता, लगेच समजला. आणि आत्या म्हणते, त्याच्या चेहऱ्यावर एकदम हलकं वाटल्यासारखं आलं. कारण कुणी मुद्दाम टर उडवली असली तर त्याला वर जाऊन सांगावं लागणार, साहेब, लोक तुम्हाला हसतायत. आणि बाईची चूक असली तर काही घडलंच नाही. त्यानं पटापट लिहिलं, अडाणी बाईच्या हातून चूक झाली. आणि शाईची डबी पुढे केली.

आत्या म्हणाली, "सही येते मला."

"सही नको. वर अडाणी लिहिलंय."

मग अंगठा दिला. तोपण नीट उठला नाही, ॲसिडनं बोटांवरच्या रेघा कधीच गेलेल्या. नुसता काळा ठिपका. साहेब म्हणाले, "चालेल."

संपादक सुटले. सरकारनं सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आणलं की तो सलाम म्हणजे एका अडाणी बाईची चूक. आता सरकारनं छापलं म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? सरकार तेव्हा भाव उतरले म्हणायचं आणि दुकानात भाव चढलेले असायचे. लोक म्हणाले, म्हणजे नक्कीच मुद्दाम केलंय. आणि ती बाई काय वाघीण असेल, ठाण्यात जाऊन सगळं स्वतःवर घेतलं. आत्या बाजारात गेली की भाजीवाला पिशवीत वरून दोन कांदे टाकायचा आणि हळूच म्हणायचा, "चूक झाली बाई, जास्त गेले." आणि डोळा मारायचा.

ती चिडायची. "जन्मात एकदा पोलिसांसमोर धडधडत्या छातीनं खरं बोलले, आणि गावानं ते खोटं म्हणून डोक्यावर घेतलं." मी विचारायचे, मग तुझं काय गेलं त्यात, वाघीण म्हणाले तर. ती म्हणायची, "अगं, माझ्या खऱ्यावर एक माणूस घरी आला. त्याच्या बायकोला मी शब्द दिला होता की खरं सांगून आणते. मुद्दाम म्हटलं की तो शब्द खोटा झाला. आणि मुद्दाम करायचं तर मी चांगलं केलं नसतं का? त्यात रेघा शाईनं बुजल्यात बघ कॉलरपाशी." हे दुसरं तिला जास्त लागायचं, असं मला वाटतं.

संपादकांनी तिला कामावरून काढलं नाही. उलट ते तिला जगातल्या मासिकांच्या गोष्टी सांगायला लागले. दूरदूरच्या देशांतून त्यांच्याकडे अंक यायचे, आपला पाठवला की त्यांचा यायचा. भाषा संपादकांना थोड्या कळायच्या, बाकी कुणाला नाही. चित्रं आत्या बघायची, तीपण सवयीनं आरशात धरून.

फळवाल्या राजाची गोष्ट तिची लाडकी. फार जुनी, खरी घडलेली. एका देशात राजाचं तोंड वर निमुळतं आणि खाली गालांना सुटलेलं. मासिकवाल्यावर खटला झाला राजाची बदनामी केली म्हणून. त्यानं कोर्टात चित्रं काढून दाखवली. आधी राजाचं तोंड. मग तेच जरा सैल. मग अजून सैल. शेवटी नुसतं नासपतीचं फळ. आणि विचारलं, आता यातलं कुठलं चित्र गुन्हा, ते सांगा. फळपण गुन्हाच का? शिक्षा व्हायची ती झालीच. पण त्यानंतर पोरं भिंतीभिंतीवर कोळशानं फळ काढायची आणि सगळ्यांना कळायचं. आत्या हे सांगताना हवेत बोटानं ते फळ काढायची आणि मग बोट तसंच वर धरून म्हणायची, "एवढा मोठा राजा, फौजफाटा, तोफा. आणि घाबरला कशाला, तर फळाला."

दुसऱ्या एका देशात एक अंक निघायचा, त्याच्या वरच छापलेलं असायचं की लिहिणारे तुरुंगात नसतील तेव्हा हा अंक निघतो. आणि एका थंड मुलखात गडबडीच्या दिवसांत टिंगलीची मासिकं एका अंकात बंद व्हायची आणि दुसऱ्या नावानं परत उगवायची. 'खाज'पण तसंच वागलं. बंद केलं तेव्हा 'तीच खाज' निघालं. ते बंद केलं तेव्हा 'आता कुठे खाजतंय' निघालं. आत्या प्रत्येक नव्या नावाचा ब्लॉक बनवायची, उलटा, बरोबर.

मला लहानपणी वाटायचं आत्याच्या खोलीत नुसता ॲसिडचा वास आहे. आता कळतं, त्या वासाच्या खोलीला जगभरातल्या तसल्याच खोल्या चिकटलेल्या होत्या. कुठंतरी कुणीतरी एक माणूस वाकून राजाचं नाक काढतोय, दुसरा ते पत्र्यावर उतरवतोय, आणि राजाला त्या रात्री झोप नाही. कसं काय जमतं हे कागदाला, मला अजून उलगडा होत नाही.

असो. आत्या गेल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी प्रदर्शनवालीचा फोन आला. आधी रडली. मग म्हणाली, "ताई, आजी ओळ सांगणार होत्या. सांगितली का तुम्हाला?"

आमचे हे समोरच बसले होते. ते खुणा करून सांगत होते, हो म्हण, मुद्दाम लिही म्हण. त्यांचंपण चुकत नव्हतं. आता विचारायला आत्या नाही. मुद्दाम म्हटलं की चित्र भिंतीवर, आत्या वाघीण, सगळे खूश. मी म्हटलं, "ओळ नाही सांगितली. पण 'मुद्दाम' हा शब्द काढ म्हणाली होती."

"ताई, मग चित्र उतरेल हो."

"उतरू दे मग."

फोन ठेवल्यावर मला इतकं वाईट वाटलं की मी शिलाईला बसले ते बाह्या उलट्या जोडल्या. हे म्हणाले, "तुझ्या आत्याचं ते एकच पान होतं गं." मी बाह्या उसवत बसले.

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा आम्ही गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण फळवाला राजा तरी बघू म्हटलं. मोठी पांढरी खोली, बारीक दिवे, लोक पायांचा आवाज न करता चालतायत. राजे, सेनापती, मंत्री, सगळे रांगेनं लटकलेले, कुणाचं पोट, कुणाचं नाक, आणि कुठल्याही देशाचा असला तरी प्रत्येक जण ओळखीचा. एवढ्या सगळ्यांना हसले होते लोक. घाबरत घाबरत हसले होते.

फळ दिसलं. आणि त्याच्या शेजारी आमचे साहेब होते. डाव्या हातानं सलाम ठोकत.

खाली पाटी. मी जवळ जाऊन बोट लावून वाचली. "हुकमावरून काढलेलं, आदरानं छापलेलं चित्र. ब्लॉक बनवणाऱ्या बाईंच्या हातून चुकून उलटं झालं. त्यांनी ठाण्यात जाऊन तसं सांगितलं. ते खरं होतं." 'धाडसी' हा शब्दपण नव्हता. तेवढं आत्याला आवडलं नसतं. पण चित्र होतं. त्या पोरीनं समितीशी काय भांडण केलं असेल ते तिलाच माहीत. ती लांब दाराशी उभी होती, मला बघून तिनं नुसती मान हलवली.

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आले, बायकोचा हात धरून. त्यांनी चष्मा वर करून पाटी हळूहळू वाचली, आणि बायकोला कोपरानं ढोसलं.

"बघ. चुकून म्हणे."

बाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. ते म्हणाले, "अजून घाबरतात बघ लिहायला. आपण होतो ना तेव्हा. चुकून कसलं, कसलेल्या हाताचं काम आहे ते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, खरंच चुकून झालं होतं. माझी सख्खी आत्या ती. तिनंच सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझा हात दोन्ही हातांत घेतला, इकडेतिकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हो पोरी, चुकूनच. आम्हीपण चुकूनच हसलो होतो."

मागे रांग खोळंबली होती. आम्ही पुढे सरकलो.